जुलियाना ताईला ऐकू येत नव्हतं

जुलियानाला ऐकू येत नव्हतं. आता ही गोष्ट निर्मळ गावापासून पार जूचंद्रपर्यंत सगळ्यांना माहीत झालीय, पण नाताळाच्या आधी ती कोणालाच माहीत नव्हती. नवऱ्याला नाय, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नणंदेला नाय, ज्या शाळेत ती इतकी वर्षं लहान मुलांना शिकवत होती त्या शाळेला पण नाय. आणि कळलं ते कसं, तर शाळेत टीचर लोकांना ट्रेनिंग ठेवलं होतं, वेगळ्या मुलांना सांभाळून कसं घ्यायचं त्याचं. त्या ट्रेनिंगमध्ये. अजून डोकं बधिर होतं आठवलं की.

आणि आता ती पण नाय. फेब्रुवारीत गेली. सकाळी चहा ठेवला, ओट्याला धरून खाली बसली, आणि संपलं. डोक्यात रक्त गेलं असं डॉक्टर बोलले. सेहेचाळीस वय. मयताला आलेली माणसं तिच्याबद्दल काय काय बोलत होती, कोण बोलतं लबाड होती, कोण बोलतं देवमाणूस होती. दोन्ही खोटं. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून सांगायला पायजे.

जुलियानाचं माहेर नंदाखाल. लग्न होऊन निर्मळला मेलरॉयच्या घरी आली. मेलरॉयची केळीची वाडी, थोडा भाजीपाला, थोडी फुलं. माणूस एकदम शांत, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणार. ती डी.एड. झालेली. लेक झाली, नॅन्सी, आणि त्या बाळंतपणानंतर जुलियानाच्या कानात शिट्टी वाजायला लागली. मग शिट्टी गेली आणि तिच्याबरोबर एकेक आवाज जायला लागला. आधी पाखरं गेली. मग कुकर गेला. मग चर्चची घंटा. एकदम गेलं असतं तर ती ओरडली असती, पण हे असं हळूहळू, भांड्यातलं पाणी आटतं तसं. कोणाला काय सांगणार?

ती गेली होती डॉक्टरकडे. विरारला, मनवेलपाड्यात, का तर तिथे ओळखीचं कोण भेटणार नाय. डॉक्टरने कानात लाईट घालून बघितलं, मशीन लावा बोलला. ती हो बोलली आणि परत त्या रस्त्याला गेली नाय. त्याच महिन्यात शाळेत नोकरी लागली होती ना. आणि तिच्या डोक्यात नंदाखालचे एक म्हातारे गुरुजी बसले होते. त्यांना ऐकायला कमी यायला लागलं तशी पोरं त्यांच्या पाठीमागे बेडकासारखी ओरडायची, मोठी माणसं पण तोंड फिरवून हसायची. सुट्टीनंतर शाळा परत सुरू झाली तेव्हा गुरुजी नव्हते. कुठे गेले, कोणी विचारलं पण नाय. हे तिने नॅन्सीला सांगितलं ते आता, शेवटी शेवटी.

शाळा म्हणजे साधी शाळा नाय. तिथे बाक नाय, पोरं चटईवर गोल बसतात. छडी नाय, नंबर नाय. टीचरला ताई बोलायचं, सरांना दादा. फक्त मोठे सर तेवढे गॉडफ्रे सर, कारण केस पांढरे. त्यांनीच ती शाळा उभी केली. वाडीवाल्यांची मुलं, मिठागराकडची मुलं, नवीन बिल्डिंगमधली हिंदी बोलणारी मुलं, सगळी एका चटईवर. चांगलंच काम आहे, त्यात खोट नाय.

तर अशा शाळेत जुलियानाने दुसरीचा वर्ग कसा चालवला? तिने घरून एक लाकडी डाव आणला, आमटी ढवळायचा. ज्याला बोलायचंय त्याने मधे यायचं, डाव हातात घ्यायचा, ताईकडे तोंड करायचं, हनुवटी वर करायची आणि मग बोलायचं. डाव हातात नाय तर बोलायचं नाय. कोणी मधेच बोललं तर ती बघायची पण नाय त्याच्याकडे. महिन्याभरात पोरांना अशी सवय लागली की लाजरी पोरं पण डावासाठी लाईन लावायची.

गॉडफ्रे सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी सगळ्या वर्गांना डाव आणायला लावले. बाहेरून पाहुणे आले की पहिले तिच्या वर्गात घेऊन यायचे. "ही आमच्या जुलियाना ताईंची पद्धत," ते बोलायचे, "ऐकायचं कसं ते मुलं इथे शिकतात." पाहुणे माना डोलवायचे. ती हसायची. ते काय बोलले हे तिला पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

ओठ वाचायला ती कुठे शिकली नव्हती. आपोआप जमत गेलं. समोर तोंड दिसलं पायजे बस. घरी तर तिने सोपी युक्ती काढली होती, स्वतःच बोलत राहायचं. समोरच्याला चान्सच द्यायचा नाय. मेलरॉय मुका बसणारा, त्याला बरंच वाटायचं. कुकर लावला की ओट्यापासून हलायची नाय, वाफेकडे बघत उभी. फोन कधी उचलला नाय. "मेसेज कर, मी वर्गात असते," सगळ्यांना हेच. नॅन्सीला तर लहानपणापासून वाटायचं की सगळ्यांच्या आयांना खांद्याला हात लावूनच हाक मारायची असते. सासरी गेली, नायगावला, तिथे सासूच्या पाठीवर थाप मारली तेव्हा सासू दचकून बघायला लागली.

कोरोनात शाळा मोबाईलवर होती तेव्हा जुलियाना खूश. पोरांची तोंडं चौकोनात समोर. पण शाळा परत उघडली आणि सगळे मास्क लावून आले. पहिल्या दिवशी वर्गात गेली आणि बघते तर नुसते डोळे. घरी येऊन पडून राहिली. पाठ धरली बोलली. मास्क सुटेपर्यंत तिची पाठ काय सुटली नाय. सगळे बोलायचे कोरोनाला घाबरते. फेलिशिया, मेलरॉयची बहीण, तिने काढा पण करून दिला पाठीसाठी. ती मुकाट प्यायली.

आणि चर्चमध्ये? पापनिवेदनाला फादर जाळीच्या पलीकडे बसतात. ओठ दिसत नाय. ही आपली पापं सांगायची, मग फादर प्रायश्चित्त म्हणून काहीतरी प्रार्थना सांगायचे, ते हिला कळायचं नाय. आता फादरना कसं विचारणार परत? मग ती आपली पूर्ण रोझरी, अख्खी जपमाळ म्हणायची, दर वेळी. कमी नको पडायला. बाकीच्या बायका दोन मिनिटांत उठून बाहेर, आणि ही गुडघ्यावर. फेलिशिया बाहेर चपला घालत बोलायची, "वहिनी, असं करतेस तरी काय ग घरात? माझ्या भावाला मारतेस काय?" आणि बायका हसायच्या. जुलियाना पण हसायची. सगळ्यांच्या मागून. ती नेहमी सगळ्यांच्या मागून हसायची. हे आता आठवतं सगळ्यांना.

तर डिसेंबरात ते ट्रेनिंग आलं. दोन शनिवार. मुंबईच्या एका संस्थेच्या मनाली मॅडम येणार होत्या. तरुण बाई, पण मोठमोठ्या शाळांत शिकवून आलेली. विषय असा की वर्गात वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या जातीधर्माची, वेगवेगळ्या शरीराची मुलं येतात, तर कोण बाहेर राहू नये. गॉडफ्रे सरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, ह्या दोन शनिवारी सुट्टी कोणाला मिळणार नाय.

पहिला शनिवार जुलियानाला नरकासारखा गेला. मनाली मॅडमने माईक हातात घेतला. माईक तोंडासमोर! ओठ गेले. त्यात बाई एका जागी उभी राहीना, ह्या टोकाहून त्या टोकाला फिरत बोलते. मग लाईट बंद करून पडद्यावर सिनेमा दाखवला. अंधारात जुलियाना हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मग सगळ्यांना गोल बसवलं आणि मॅडमने काहीतरी विचारलं. एकेक टीचर बोलायला लागली. जुलियानाच्या बाजूला सोनू बसली होती. सोनू म्हणजे शाळेतली सगळ्यात नवी ताई, मनवेलपाड्याच्या चाळीतली, कॉलेजमधून थेट आलेली. बाजूला असल्यामुळे तिचं तोंड दिसेना. ती बराच वेळ बोलली, डोळे पुसले, सगळे गप्प झाले आणि सगळ्यांचे डोळे जुलियानाकडे वळले. तिची पाळी.

प्रश्न काय होता? तिला ठाऊक नाय. काहीतरी घरचं असणार असा अंदाज केला. आणि बोलली, "आमच्या वाडीत यंदा राजेळी केळी फार चांगली आलीत. सगळ्यांना घेऊन येईन."

कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम पण बघतच राहिल्या. प्रश्न होता, तुमच्याबद्दलची शाळेत कोणाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगा. आणि सोनूने सांगितलं होतं की तिचे पप्पा महापालिकेत गटारं साफ करतात आणि ती सगळ्यांना ऑफिसात आहेत म्हणून सांगते. त्याच्यावर ही केळी!

चहाच्या वेळी सोनू तिच्यासमोर येऊन उभी राहिली, नाक लाल. "ताई, मी तिथे रडत होते आणि तुम्ही केळी विकायला बसलात?"

हे मात्र समोरून होतं. हे जुलियानाला पूर्ण कळलं. "तसं नाय ग सोनू," एवढंच बोलली.

"मग कसं?"

काय सांगणार? खरं सांगितलं तर दुसरीचा वर्ग जाणार. नंदाखालच्या गुरुजींसारखी आपण पण एका सकाळी नसणार. तिला त्या वर्गाशिवाय काय होतं? लेक सासरी, नवरा वाडीत. सोनू पाठ फिरवून गेली. जाताना काय बोलली ते बाकी सगळ्यांनी ऐकलं.

तो आठवडा ती झोपली नसणार. फेलिशियाला बोलली पण, पुढच्या शनिवारी मला ताप येऊ दे. ताप काय आला नाय.

दुसऱ्या शनिवारी मनाली मॅडम मोठमोठे हेडफोन घेऊन आल्या, पेटीभर. आज ऐकू न येणाऱ्या मुलाच्या जागी बसून बघायचं. हेडफोनमध्ये मिक्सर चालू असल्यासारखी खरखर. ते घालायचे, मग मॅडम समोर उभ्या राहून एक गोष्ट सांगणार, आणि शेवटी प्रश्न विचारणार. उत्तर पाटीवर लिहून पाटी वर धरायची. काय करायचंय ते फळ्यावर लिहिलेलं होतं, म्हणून जुलियानाला सगळं वाचता आलं.

तिने हेडफोन घातले. तिला काय, खरखर पण नाय, काही पण नाय. आणि मॅडमने माईक खाली ठेवला. एका जागी उभ्या राहिल्या. लाईट चालू. तोंड सरळ समोर. एकेक शब्द नीट, मोठ्ठा ओठ करून. जुलियानाला तर सणच वाटला. बाजारात एका मुलीची शेळी हरवते, ती सगळ्यांना विचारत फिरते, शेवटी शेळी खाटकाच्या दुकानाच्या पाठीमागे पाला खात उभी असते, अशी गोष्ट. तिला एकेक शब्द दिसला. दोन शनिवारांत पहिल्यांदा ती सगळ्यांच्या मागे नव्हती. बाजूला बघते तर लोकांची तोंडं कडू काढा प्यायल्यासारखी.

मॅडमने पहिला प्रश्न विचारला. पाट्या वर झाल्या. एकाने लिहिलं, बस चुकली. सोनूने लिहिलं, बाई पडली. गॉडफ्रे सर स्वतः बसले होते, त्यांनी लिहिलं, लग्न. आणि जुलियानाची पाटी, "शेळी हरवली."

दुसरा प्रश्न. परत बरोबर. तिसरा. बरोबर. तिच्या ध्यानातच आलं नाय! इतकी वर्षं सांभाळून सांभाळून राहिलेली बाई, तिथे एक चूक उत्तर लिहिलं असतं तर काही झालं नसतं. पण बरोबर उत्तर देण्याच्या आनंदात ती वाहून गेली. परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीसारखी पाटी वर धरून हसत बसली.

मॅडमना वाटलं हिचा हेडफोन बंद पडलाय. सगळ्यांना काढायला सांगितले हाताने खूण करून. जुलियाना पाटीकडे बघत होती, तिला खूण दिसली नाय. मॅडम चालत तिच्या पाठीमागे आल्या आणि हेडफोन तिच्या डोक्यावरून अलगद उचलला.

आणि ती खरखर हॉलभर पसरली. बंद बिंद काही नव्हता. सगळ्यांपेक्षा मोठा लागला होता, कोणीतरी चुकून पूर्ण वाढवून ठेवलेला. पुढच्या माणसाला कानावर हात ठेवावेसे वाटतील असा.

"ताई," मॅडम पाठीमागून बोलल्या, "हे एवढं मोठं चालू होतं? तुम्हाला त्रास नाय झाला?"

जुलियाना समोर बघून हसते आहे. पाटी वर.

"ताई?"

पाटी वर.

"जुलियाना ताई!" आता गॉडफ्रे सर बोलले, बाजूने.

काही नाय. सगळा हॉल बघतोय. सोनूच्या हातातली पाटी खाली पडली, फरशीवर केवढा तरी आवाज झाला असेल. सगळे दचकले. एकच बाई दचकली नाय.

मग जुलियानाला समोरचे चेहरे दिसले. ती बोलायची नंतर, ते चेहरे मरेपर्यंत विसरणार नाय मी. कोणी रागावलेलं नव्हतं. मयत बघितल्यासारखे चेहरे. तिने डोक्याला हात लावला, हेडफोन नाय. वळून बघितलं तर मॅडम, हातात हेडफोन आणि डोळ्यात पाणी.

"कधीपासून?" मॅडमने विचारलं, समोर येऊन.

"नॅन्सी झाली तेव्हापासून," जुलियाना बोलली. नॅन्सीचं लग्न होऊन गेलेलं सगळ्यांना माहीत होतं. सगळे तिच्याकडे बघून मनातल्या मनात वर्षांचा हिशोब लावायला लागले.

गॉडफ्रे सरांनी मेलरॉयला फोन केला. मेलरॉय वाडीत होता. त्याने ऐकलं, फोन खिशात टाकला, आणि कोणाशी एक शब्द न बोलता घरी येऊन बसला. जुलियाना आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, बोंबील साफ करायला घेतले. तो दारात, तिच्या पाठीमागे. "जुली," तो बोलला. ती बोंबलाची डोकी काढतेय. "जुली!" नाय. मग तो माणूस, ज्याचा आवाज शेजाऱ्यांना पण माहीत नव्हता, असा ओरडला की फेलिशिया बाजूच्या घरातून हातात उलथणं घेऊन धावत आली.

"काय झालं रे? कोण गेलं?"

मेलरॉयने नुसतं बोट दाखवलं. जुलियाना पाठमोरी, बोंबील धुतेय.

फेलिशिया मटकन उंबऱ्यावर बसली. "अगो माझे आई," ती बोलली. "आणि मी हिला रोज खिडकीतून हाका मारून मारून घमेंडी ठरवली."

त्या दिवशी तिघं जेवली नाय. मेलरॉयला एकच गोष्ट खात होती. तो आधीच कमी बोलणारा, त्यातलं पण निम्मं तो वाडीत वाकून काम करता करता बोलला होता, तिच्याकडे न बघता. ते सगळं गेलंच कुठे मग?

शाळेत त्या शनिवारी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गॉडफ्रे सर बोलले होते, आम्हाला अभिमान आहे. आणि सोमवारी त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं, चहा मागवला, तिच्यासमोर बसले, नीट तोंड करून, हळूहळू बोलले.

"ताई, तुम्ही आमच्या सगळ्यांसाठी इन्स्पिरेशन आहात. पण मुलांची जबाबदारी आहे. नाताळानंतर तुम्ही लायब्ररी सांभाळा. दुसरीचा वर्ग सोनू घेईल."

एकेक शब्द तिला दिसला. तिला वाटलं आपलं ओठ वाचण्यात चुकलं असेल. म्हणून तिने विचारलं, "कोण घेईल?"

"सोनू."

"मी काय केलं सर?"

"तुम्ही काहीच चूक केलेली नाय ताई. हे तुमच्या भल्यासाठी पण आहे."

दोन शनिवार कोण बाहेर राहू नये म्हणून शिकले, आणि सोमवारी हे! आणि सर काय वाईट माणूस नाय, हेच तर कळत नाय. मनापासून बोलत होते. बोलताना त्यांचा पण आवाज अडकत असेल, ते तिला कसं कळणार. ती उठली, कप उचलून स्वतः धुवून ठेवला आणि वर्गात जाऊन मुलांना प्रार्थनेला उभं केलं.

सगळ्यांना वाटलं सोनू खूश होईल. सोनू मधल्या सुट्टीत सरांच्या ऑफिसात गेली आणि दार उघडं ठेवूनच बोलली, "सर, मी नाय घेणार दुसरी. ताईंनी केळी का सांगितली ते मला शनिवारी कळलं. माझ्या पप्पांचं ऐकून तुम्ही सगळ्यांनी मला जवळ घेतलंत ना? मग ताईंना लायब्ररीत का टाकता?"

"सोनू, पालक काय बोलतील?"

"पालकांना विचारा ना सर. तुम्हीच का बोलताय त्यांच्या वतीने?"

जानेवारीत पालकांची मिटिंग लागली. जुलियाना स्वतः येऊन उभी राहिली. नॅन्सी पण आली होती, नायगावहून, पाठीमागे उभी. गॉडफ्रे सरांनी सुरुवात केली, पण जुलियानाने त्यांना हाताने थांबवलं.

"मला ऐकू येत नाय," ती पालकांना बोलली. "तुमची मुलं माझ्याकडे तोंड करून बोलतात, ते मला सगळं कळतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते."

एकदम गलका. सगळे एकदम बोलायला लागले, एकमेकांत, बाजूला वळून, पाठ करून. तिला नुसती हलणारी तोंडं. नेहमीसारखी ती हसून वेळ मारून नेणार असं नॅन्सीला वाटलं. पण ती टेबलावर हात आपटून बोलली, "थांबा. एकेकाने बोला. मला कळत नाय."

मला कळत नाय, हे तिच्या तोंडून कोणी कधी ऐकलंच नव्हतं.

जूचंद्रचे शत्रुघ्न म्हणून एक पालक, गाडी चालवतात, ते पुढे आले. "टीचर, आमची पोरगी घरी पन डाव घेऊन बोलते. आजी मधी बोलली तर तिला सांगते, तुझ्याकडं डाव नाय, गप बस. आमच्या घरात पयल्यांदा कोनी आजीला गप केलं. मला काय तक्रार नाय."

लोक हसले. जुलियाना पण हसली, आणि ह्या वेळी सगळ्यांच्या बरोबर.

मग खुशीची आई उठली. नवीन बिल्डिंगमधली, बँकेत कामाला. ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. भराभर बोलली. जुलियाना बोलली, "पुन्हा बोला." ती परत बोलली. "पुन्हा. हळू." खुशीची आई समोर येऊन उभी राहिली आणि बोलली, "तुमच्या पाठीमागे माझी मुलगी पडली, रडली, मला वाचवा म्हणून ओरडली, तर तुम्हाला कळेल का?"

गॉडफ्रे सरांनी मान खाली घातली. जुलियाना काहीतरी बोलून निभावून नेऊ शकली असती. माझं लक्ष असतं, बोलली असती. इतकी वर्षं तेच तर केलं होतं.

"नाय," ती बोलली. "नाय कळणार."

नॅन्सीला वाटलं संपलं, आईने आपल्या हाताने वर्ग घालवला.

"मागच्या शाळेत," खुशीची आई बोलली, सावकाश, "माझी मुलगी बाथरूममध्ये अडकली होती. बाहेर सगळे कान असलेले होते. आणि मला सांगितलं की आमचं लक्ष असतं." मग ती गॉडफ्रे सरांकडे वळली. "वर्गात अजून एक माणूस ठेवा. ह्यांना काढू नका. ह्या खरं बोलतात." सर खाली बघतच "बरं" बोलले.

जुलियानाला हे शेवटचं दिसलं नाय, कारण ती बाई वळली होती. तिने नॅन्सीकडे बघितलं. नॅन्सीने लांबूनच ओठ हलवले, आवाज न करता. राहिला, मम्मी. वर्ग राहिला.

ती तिथेच खुर्चीवर बसली. रडली नाय. नुसती बसून राहिली, कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखी. वाईटासाठी ती तयार होती, ह्याच्यासाठी नव्हती.

मग सोनू तिच्या वर्गात दुसरी ताई म्हणून बसायला लागली. नॅन्सीने आईसाठी कानाचं मशीन पण करून घेतलं. मशीन घालून जुलियाना पहिल्या दिवशी शाळेत गेली आणि दारातच थांबली. पंखा, चटया ओढायचा आवाज, डब्यांची झाकणं, पोरं. तिने सोनूचा हात घट्ट धरला.

"सोनू, शाळा एवढी ओरडते?"

"आज कमीच आहे ताई."

"देवा. आणि तुम्ही सगळे हे रोज सहन करता?"

मशीन ती थोडा वेळ लावायची, थोडा वेळ काढून ठेवायची. घरी मात्र लावून बसायची आणि मेलरॉयला सांगायची, बोल. तो बोलायचा, काय बोलू तेच कळत नाय. केळीचे भाव सांगायचा. ती ऐकत बसायची. असा एक महिना गेला असेल नसेल. मग ती सकाळ, तो चहा.

तिला जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना ठेवली होती, तिला गॉडफ्रे सर आले होते. मिस्सा संपल्यावर चर्चच्या बाहेर मेलरॉयच्या बाजूला उभे राहिले, चपलेने माती सारत होते. मग बोलले, ताईंची जागा भरायला जाहिरात द्यावी लागेल, जूनच्या आधी.

मेलरॉय कधी प्रश्न विचारत नाय. त्या दिवशी त्याने विचारला. "जाहिरातीत काय लिहिणार सर? ऐकू न येणारी चालेल असं लिहिणार?"

गॉडफ्रे सरांनी त्याच्याकडे बघितलं. मग परत खाली बघून चपलेने माती सारायला लागले. फेलिशिया बाजूला उभी होती, ती पण बघत राहिली.

जाहिरात अजून लागलेली नाय. दुसरीची मुलं सध्या सोनूकडे आहेत.